उघाडी

महापेच्या एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी एकशे बारा देशांच्या आघाड्या मोजते.
रकाना क: कोण कुणाबरोबर.
रकाना ड: किती दिवस.
रकाना फ: कशावरून मोडली.
इथे फक्त एक ते नऊ आकडे चालतात,
नऊ म्हणजे इतर.
इतर फार भरतं.

बेल्जियम एकदा पाचशे एक्केचाळीस दिवस
पुरत्या सरकारावाचून राहिला.
मलावीत मतांच्या बेरजा
पांढऱ्या शाईने खोडलेल्या निघाल्या,
न्यायालयाने मतदान पुन्हा घ्यायला लावलं.
पांढऱ्या शाईला आमच्याकडे संकेतांक नाही.
मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवलं.

मंगळवारी कारखानीस मॅडमचा शेरा आला:
‘ओळ चारशे सात. उघाडी म्हणजे काय?’

आ-च्या जागी उ पडला होता.
टंकनदोष, असं कळवलं
आणि मग बराच वेळ काहीच टंकलं नाही.

उघाडी म्हणजे खारबांधातलं लाकडी दार, मॅडम.
भरती आली की खाडीच ते रेटून लावून घेते,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलतं
आणि ते उघडतं.
कुणाच्या हुकुमाची गरज नाही.
फक्त ओंडका अडकला, गाळ बसला,
तर कुणीतरी उतरायचं, रात्र असली तरी.

घणसोली आणि तळवलीच्या मधल्या बांधाला अशी एक होती.
राखणदार: जोमा धाया मढवी, माझे वडील,
वय चोवीस, पगार घरटी पायलीभर भात.
दोन गावांचं तेव्हा असं वाकडं
की सोयरीक नाही, पालखीला खांदा नाही,
एकमेकांच्या विहिरीवर तहानसुद्धा नाही.
पण बांध फुटला की ढोल वाजायचा
आणि दोन्ही गावं कमरेएवढ्या चिखलात,
एकाच्या घमेल्यातली माती दुसऱ्याच्या हातात.
पाणी ओसरलं की परत भांडायला मोकळी.

रकाना ड: एक भरती.
रकाना फ: नऊ.

आता तिथे सेक्टर आहे.
उघाडी होती साधारण तिथे गाड्या धुतात.
जर्मनीत पाच टक्क्यांखाली राहिलेला पक्ष
बहुधा संसदेच्या उंबरठ्याबाहेरच राहतो.
आम्हाला जमिनीचे साडेबारा टक्के परत मिळाले,
तेही बिल्डरच्या फायलीतून.
आम्ही उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला,
हे मी अजून भरलेलं नाही.

रविवारी बाबांना देश सांगते.
लेबनॉनात कुठली खुर्ची कुठल्या पंथाची ते आधीच ठरलेलं.
डेन्मार्कात अल्पमताची सरकारं
वर्षंच्या वर्षं निभावून नेतात.
बाबा सुकट निवडत ऐकतात,
कोण जिंकलं ते विचारत नाहीत.
एकदाच मान वर करून म्हणाले,
‘न तिकरं ओंडा अरकला तं राती कोन उतरतं?’

मी सोमवारी शोधलं.
खातेवाटप आहे, पाठिंब्याची पत्रं आहेत,
विश्वासठराव मिनिटासकट आहेत.
रात्री उतरणारा माणूस
एकशे बारांपैकी एकाही ओळीत सापडला नाही.
म्हणजे नसेलच असं नाही.
आम्ही विचारलेलं नाही.

ओळ चारशे सात दुरुस्त केली. खाली नेपाळ होता.

त्या दाराने बाबांच्या डाव्या हाताची तर्जनी नेली.
कुठल्या भरतीत, ते मी कधी विचारलं नव्हतं.
दर मतदानाला शाईवाला त्या जागेपाशी अडतो,
शेजारच्या बाईकडे बघतो,
ती पुस्तिका उघडते, पान शोधते.
मागे रांग कुरकुरते.
बाबा हात तसाच धरून ठेवतात, पुढे केलेला,
मधलं बोट जरासं वर.